एक केबीचा बॅकअप

काकांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, डब्यातून प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यातून हार्डडिस्क. हातात घेतली तर बर्फासारखी गार.

"रात्रभर फ्रीजरला ठेवली होती," काका म्हणाले. "शेजारच्या पोरानं मोबाइलवर वाचलं. गार केली की चालू होते म्हणे."

जूनचा दुसरा आठवडा, सांगलीतली दमट सकाळ. बोलता बोलता डिस्कच्या पत्र्यावर दव धरलं. आत तबकडी आणि ती वाचणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर असतं. तिथं ओल धरली असेल आणि आपण करंट दिला, तर उरलंसुरलंही जायचं. मी डिस्क पंख्याखाली वर्तमानपत्रावर उताणी ठेवली. म्हटलं, "दुपारपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

काकांचं खणभागात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. १९९८पासून तेच टेबल. गेली तीन वर्षं मात्र त्यांनी एका घराण्याचा कुलवृत्तांत घेतला होता, दुसरी आवृत्ती. पहिली खिळे जुळवून छापलेली, पानं पिवळी पडलेली. ती सगळी नव्यानं टाइप करायची आणि पुढच्या दोन पिढ्या जोडायच्या. ४१ प्रकरणं, साडेसहाशेच्या आसपास पानं. कुलसंमेलनाला २४ दिवस उरले होते आणि छापखान्याला आठवड्यात फाइल हवी होती.

"बॅकअप?" मी विचारलं. हा प्रश्न मी रोज विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला कळलेलं असतं.

"आहे की!" काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "दर शनिवारी घेतो. एक शनिवार चुकवला नाही."

पेनड्राइव्ह लावला. आत 'कुलवृत्तांत' नावाचं एकच आयकॉन, आणि त्याच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. साइज पाहिली : १ केबी. काका दर शनिवारी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलून पेनड्राइव्हवर टाकत होते. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो उघडायचाही, कारण खरं फोल्डर तिथंच होतं. घराचा पत्ता जपून ठेवला होता, घर नाही.

हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना. शेवटी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि त्या १ केबीवर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी हे..." आणि पुढचं बोललेच नाहीत. मी पोराला चहा सांगायला पाठवलं.

दुपारी सीपीयू आणवला. जी-३१चा बोर्ड, डीडीआर-२ रॅम, विंडोज एक्सपी, सगळं जुन्या जमान्यातलं. हे मशीन २०१९च्या महापुरातून वाचलेलं. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा काकांनी घरातलं सगळ्यात आधी हेच माळ्यावर नेलं होतं. उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यात दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, एसएमपीएसमागं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यामागं, पालीची दोन अंडी, आणि बोर्डावरचे चार कॅपॅसिटर डोकी फुगवून बसलेले. बोर्ड संपला होता. त्यात डिस्क फ्रीजरला ठेवायच्या आदल्या रात्री एक्सपीनं सुरू होतानाच डिस्क तपासायला घेतली होती. काकांनी ती रात्रभर चालू दिली. "टक्के वाढत होते, म्हणून बरं वाटलं." मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवणं म्हणजे मोडलेल्या पायावर कवायत. ती वाचते, अडते, पुन्हा वाचते आणि वर दुरुस्ती म्हणून स्वतःच काहीबाही लिहून ठेवते.

अडीच वाजता डिस्क लावली आणि कान जवळ नेला. या धंद्यात पहिली तपासणी कानानं होते. एकसारखं टक्-टक्-टक् येत असेल तर हेड गेलेलं. मग मी करंट काढून घेतो आणि गिऱ्हाइकाला पुण्या-मुंबईच्या लॅबचा रस्ता दाखवतो, जिथं धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात आणि बिल पाच आकडी येतं. काकांची डिस्क नीट फिरत होती. मधेच एखादा 'टक्', मग दोन सेकंद शांत, मग पुन्हा चालू. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, रिपोर्ट काढला : वाचता न आल्यामुळं ताटकळत ठेवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे, १,२६४. वाईट, पण अजून धुगधुगी होती.

अशा वेळी विंडोजमध्ये डिस्क लावून फायली ओढायला जायचं नाही. एका खराब फाइलपाशी ती अडकते आणि तिथंच डोकं आपटत बसते. मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, शेजारी नवी १ टीबीची डिस्क लावली आणि तिच्यावर जुनीची कॉपी उतरवायला डीडीरेस्क्यू सोडलं. फुकट मिळणारं आहे, पण याच्याइतकं शहाणं सॉफ्टवेअर मी दुसरं पाहिलेलं नाही. आधी सोपं सोपं उचलतं, जिथं डिस्क अडखळते तिथून पुढं उडी मारतं, आणि काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. लाइट गेली तरी तिथूनच पुढं सुरू करता येतं. (लाइट गेलीच, पावणेपाचला. यूपीएसनं तारलं.) सोपं सगळं हातात आल्यावरच ते अवघड जागांकडं वळतं. जुन्या डिस्कवर मात्र एक अक्षरही लिहीत नाही.

काका स्टुलावर बसून आकडे बघत होते. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. हिंजवडीत आयटीत आहे, चांगला मुलगा. त्यानं एक ऑल-इन-वन निवडून ठेवला होता : बारावी पिढी आय-थ्री, विंडोज ११, ४२ हजार. "पैसे मी देतो. काकांना आता चांगलं मशीन द्या."

असलं गिऱ्हाईक कोण सोडतं? मी सोडलं, आणि त्या रात्री बायकोनं त्याबद्दल दोन शब्द ऐकवलेही.

मी त्याला सांगितलं ते असं. काकांचं सगळं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते आलं २००१ साली आणि त्यानंतर त्याची मोठी नवी आवृत्ती आली नाही. अक्षरं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची, युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीच्या, आधीची. ती श्रीलिपी चालते डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या किल्लीवर, आणि काकांकडच्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखून देणारं सॉफ्टवेअर, ३२ बिटचा. विंडोज ११ मिळतं फक्त ६४ बिटमध्ये, आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. म्हणजे ४२ हजारांच्या मशीनवर सगळं काही चालेल, कुलवृत्तांत सोडून. त्यांना ३२ बिटचं विंडोज ७च टाकायला हवं.

"पण विंडोज १०चाही सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला," पुतण्या म्हणाला, "आणि तुम्ही ७ टाकायचं म्हणताय? त्याचा २०२०लाच संपला."

"त्याला इंटरनेट जोडायचंच नाही. वायर नाही, वायफाय नाही. पीडीएफ पाठवायला दुकानात दुसरा लॅपटॉप आहे."

"मग युनिकोडमध्ये का नाही करून घेत एकदाचं?"

प्रश्न रास्त होता. पण कन्व्हर्टरमधून मजकूर काढला की कुठं रफार उडतो, कुठं जोडाक्षर फुटतं, आणि पानांची मोडणी तर सगळीच हलते. साडेसहाशे पानांची प्रूफं पुन्हा वाचायची आणि हातात २४ दिवस. संमेलन झाल्यावर निवांत करा म्हटलं. त्याला पटलं. न पटून सांगतो कुणाला.

मग मशीन कुठलं? इथं लोक पिढीचा आकडा बघतात, जितका मोठा तितकं बरं. मला उलट जायचं होतं. इंटेलच्या सहाव्या पिढीपर्यंत विंडोज ७ बसतं, पण सहावीत इन्स्टॉल करतानाच यूएसबीचा कीबोर्ड-माउस बंद पडतो, कारण ७कडं त्या पोर्टाचे ड्रायव्हर नाहीत. ती झटापट कोण करणार? चौथी पिढी बिनत्रासाची. कंपन्यांमधून निघालेले, रिफर्बिश केलेले आय-फाइव्हचे डबे माझ्याकडं होतेच. रॅम ४ जीबी, कारण ३२ बिटच्या विंडोजला त्याच्यावर दिली तरी वापरता येत नाही. एसएसडी मात्र नवी कोरी, २४० जीबीची. डब्यावर मूळ विंडोज ७ प्रोफेशनलचं स्टिकर शाबूत हवं, म्हणजे लायसनची भानगड नाही. एसएसडीसकट ८,८०० रुपये झाले.

"मागं गोल पिन आहे का?" काकांनी विचारलं.

पीएस-टूचं जांभळं भोक. त्यांचा कीबोर्ड तसा होता, १९९८च्या सुमाराचाच असावा. निम्म्या बटणांवरची अक्षरं पुसलेली, स्पेस बारला अंगठ्याचा खळगा पडलेला. मी तीन डबे उलटे करून पाहिले. तिसऱ्याला होतं. तोच ठरला.

साडेसातला पहिली फेरी संपली : ९९.९७ टक्के. काकांचा चेहरा उजळला. मी काही बोललो नाही, कारण ५०० जीबीत उरलेले तीन शतांश टक्के म्हणजे १५० एमबी, आणि पेजमेकरची अख्खी फाइल पाच-सात एमबीत बसते. राहिलेल्या जागा खरवडायला रात्रभर सोडून दिल्या. सकाळी ११ एमबी उरले होते, आणि ते काही केल्या वाचले जात नव्हते.

आता ते ११ एमबी कुठल्या फायलींत? त्याला एक युक्ती आहे. कॉपीवर, लक्षात घ्या, कॉपीवरच, न वाचलेल्या जागांत एक ठरावीक खुणेचा शब्द भरायचा आणि मग तो शब्द कुठल्या फायलींत सापडतो ते शोधायचं. बरीचशी भोकं एक्सपीच्या स्वतःच्या फायलींत निघाली, ती गेली तर गेली. दोन जुन्या पत्रिकांमध्ये होती. आणि एक प्रकरण १७मध्ये. पेजमेकर ती फाइल उघडेचना.

मी तिच्यातला नुसता मजकूर उपसून नोटपॅडमध्ये ओतला. स्क्रीनभर कचरा : टोप्या घातलेले रोमन ए, दोन टिंबांचे ओ, पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. श्रीलिपीचा फाँट नसला की मराठी अशीच दिसते. मी फाँट शोधायला लागलो, तेवढ्यात काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"थांब. हे बघ, दर दोन-तीन ओळींनी हीच तीन चिन्हं येतायत. हे 'सौ.' आहे. सुनांची यादी. आणि हे लांबलचक आहे ना, ते 'माहेरचे नाव'. हे 'चि.'. हे सगळं आहे, अरे! आहे सगळं!"

पंचवीसहून जास्त वर्षं ते बोटांनी हेच टाइप करत आले होते. फाँट गेल्यावर वाक्य कसं दिसतं हेही त्यांच्या डोळ्यात बसलं असणार. मी फाँट बसवला, मजकूर निवडला, फाँटचं नाव बदललं. कचरा एका क्षणात देवनागरी झाला. काकांनी जे जे ओळखलं होतं, ते ते तिथंच होतं.

एका जागी मात्र खरंच भोक होतं. एका घरातल्या सात जणांची नावं आणि त्यांचे पिढीक्रमांक गायब. क्रमांक चुकला की पुढची सगळी शाखा चुलत्याच्या नावावर जाते, हे मला काकांनीच समजावलं. माळ्यावरच्या लाल शाईच्या प्रूफांत पाच नावं सापडली. शेवटची दोन नातवंडं प्रूफांनंतर जन्मलेली. डोंबिवलीला फोन लागला. पलीकडच्या आजींनी नावं सांगितली, जन्मवेळा सांगितल्या, धाकटीला दात येतायत हेही सांगितलं. काकांनी सगळं लिहून घेतलं, दातांसकट.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन लावून दिलं. नव्या एसएसडीवरही मी डी ड्राइव्ह केला आणि फोल्डरं जुन्याच नावांनी ठेवली. पेजमेकर फोटोंचे नुसते पत्ते लक्षात ठेवतं. ड्राइव्हचं अक्षर बदललं असतं तर ३००च्या वर फोटो एकेक करून पुन्हा जोडावे लागले असते. डोंगलला सुतळी बांधलेली होती, तिच्यावर हळदकुंकवाचा डाग. काकांनी स्वतःच्या हातानं ते खोचलं. पेजमेकर उघडला. प्रकरण १ दिसलं.

जुनी डिस्क त्यांनी परत मागून घेतली. मी म्हटलं, "फ्रीजमध्ये ठेवू नका." ते हसले नाहीत.

बॅकअप कसा घ्यायचा ते कागदावर लिहून दिलं : बाण असलेलं चित्र उचलायचं नाही, डी ड्राइव्हमधलं खरं फोल्डर उचलायचं, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर टाकायचं, आणि टाकून झालं की उजवी क्लिक करून साइज बघायची.

पुस्तक वेळेत छापून झालं, संमेलन झालं. त्यालाही आता काही आठवडे झाले. शनिवारी दुकान बंद करायच्या वेळी फोन वाजतो. काका नमस्कार वगैरे काही म्हणत नाहीत.

"तीन जीबी, चारशे बारा एमबी. दोन्हीवर तेवढंच. बरोबर?"

"बरोबर, काका."

"ठेवतो."