पिशवीतल्या अकरा पट्ट्या

आजोबा ७४ वर्षांचे. घोट्यांवर सूज, वरचं बी.पी. पुन्हा १६४. मागच्याच खेपेला मी अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे त्यांची बी.पी.ची गोळी, ५ वरून १० मिलिग्रॅम केलं होतं, त्यामुळे आता आणखी एक गोळी लिहायला पेन उचललंच होतं. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, नवीन काही देणार असाल तर आधी काय बंद करायचं ते सांगा. खर्च झेपत नाही." आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली.

अकरा पट्ट्या. आम्लपित्ताची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. ती बाजूला काढणं सोपं. बाकीचा गुंता सोडवायला अर्धा तास गेला. बाहेर रांग कुरकुरत होती. अ‍ॅम्लोडिपिनने पायाला सूज येते, हे माहितीपत्रकातही छापलेलं असतं. दुसरीकडे कुणीतरी त्या सुजेवर लघवी वाढवणारी गोळी दिली. तिने पोटॅशियम उतरलं, म्हणून पोटॅशियमचं सिरप. तिनेच युरिक अ‍ॅसिड चढवलं, पायाचा अंगठा ठणकू लागला, म्हणून रोज वेदनाशामक. वेदनाशामकाने बी.पी. वाढलं. आणि ते वाढलेलं पाहून डोस दुप्पट करणारा मीच! एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, याला आमच्याकडे 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं भारदस्त नाव आहे. विद्यार्थ्यांना मी ते शिकवतोही.

"मग पैसे कुठे वाचवता?" मी विचारलं.

आजोबांनी एक पट्टी पुढे सरकवली. "ही सगळ्यात महाग. दिवसाला दोन सांगितल्यात, मी एकच घेतो. घेतली काय नि न घेतली काय, काही कळत नाही."

अपिक्सॅबॅन. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली की आत गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, ते टाळण्यासाठीची. अकरांतली सगळ्यात गरजेची हीच, आणि काटकसर नेमकी हिच्यावर. शिवाय सोबत वेदनाशामक, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. माझ्या हाताला घाम फुटला.

वेदनाशामक त्याच दिवशी थांबवलं, बी.पी.ची गोळी बदलली. लघवीची गोळी आणि पोटॅशियम मात्र रक्ततपासणी बघून, आठवडाभराने. एकदम सगळं काढायचं धाडस मी केलं नाही.

तीन आठवड्यांनी आजोबा आले ते सैल चपला सोडून बूट घालून. बी.पी. १३६. मी कागद हातात दिला, तर ते तो उलटसुलट करून बघत राहिले.

"या वेळी नवीन काहीच नाही लिहिलंत?"