हात पुरेल तिथवर

काही दुखण्यांना मान असतो. पाय मोडला की प्लास्टर येतं, लोक त्यावर सह्या करतात, भेटायला येतात, उशी कुठे ठेवू विचारतात. ताप आला तरी निदान आकडा असतो, १०२ म्हटलं की समोरचा बापरे म्हणतो. खांदा आखडण्याला यातलं काहीच नाही. सूज नाही, वळ नाही, एक्सरे काढला तर तो इतका स्वच्छ येतो की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, आणि हात खाली सोडून उभं राहिलं की आपण दिसतो पण चांगले ठणठणीत. माझं गेले कित्येक महिने हेच चाललंय, डावा खांदा, फ्रोझन शोल्डर. आता तो बराचसा सुटत आलाय म्हणून शांतपणे लिहिता येतंय, नाहीतर मधे असा काळ होता की कोणी नुसतं "कसा आहे गं खांदा" विचारलं तरी मी चिडायचे.

सुरुवात नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही. कपाटातलं काहीतरी काढताना एक कळ आली, विसरले, परत आली. मग रात्री कूस बदलली की जाग यायला लागली. मग एक दिवस पाठीमागचा हुक लागेना. बायका बहुतेक याच हुकापाशी डॉक्टरकडे जायचं ठरवतात असं माझी फिजिओ म्हणाली, आणि पुरुष येतात ते मागच्या खिशातलं पाकीट निघेनासं झालं की.

डॉक्टरांनी सांगितलं, कोपर बरगडीला टेकवून ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. उजवा छान फिरला, डावा जागचा हलेना. मग त्यांनी स्वतः धरून फिरवून बघितला तरी तो तिथेच अडला, आणि हीच म्हणे या दुखण्याची खूण. नुसता स्नायू फाटला असेल तर आपल्याला हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर जातो, इथे कोणीही उचला, हात ठरलेल्या ठिकाणी थांबणार. मग त्यांनी वय विचारलं आणि मान डोलावली. चाळीस ते साठ या वयात हे जास्त होतं, बायकांना जास्त होतं, डायबेटीस असेल तर कितीतरी जास्त होतं, थायरॉईडचाही संबंध असतो, म्हणून खांद्यासाठी गेलेली मी रक्त देऊन बाहेर आले. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. मग मला का झालं विचारलं तर उत्तर नाही, बऱ्याच जणांना काही कारण नसतानाच होतं.

आत नक्की काय होतं ते मात्र मला समजलं, आणि समजलं ते विणकामामुळे. खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा, गोळा मोठा आणि ज्या खोबणीत तो बसतो ती उथळ. त्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते आणि ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते, हात खाली असताना तिची घडी काखेच्या बाजूला लोंबते आणि हात वर केला की ती घडी उलगडते. या दुखण्यात त्या पिशवीला आतून सूज येते, ती जाड होते आणि आकसते. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की जसा होतो अगदी तसंच, टाके सगळे जागेवर, भोक कुठे नाही, पण आता हात आत जात नाही. फिजिओला हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली फरक एवढाच की स्वेटर परत सैल होत नाही, खांदा होतो, फक्त तुम्ही धीर धरा.

धीर म्हणजे किती तर एक ते तीन वर्षं! आधी काही महिने दुखण्याचे, मग काही महिने नुसत्या ताठरपणाचे ज्यात दुखणं कमी पण हात जागचा हलत नाही, आणि मग हळूहळू सुटण्याचे. औषधांनी, सांध्यातल्या इंजेक्शनने दुखणं कमी करता येतं. मीपण एक इंजेक्शन घेतलं, रात्रीचा ठणका उतरला, हात काही उघडला नाही. बाकी व्यायाम. या दुखण्याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं बॉस्टनचे एक सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी, १९३४ साली, खांद्यावरच्या त्यांच्या पुस्तकात. त्यातच त्यांनी लिहून ठेवलंय की याची व्याख्या करणं अवघड, उपचार करणं अवघड आणि हे का होतं ते सांगणंही अवघड. मला हा माणूस फार आवडला. एवढं जाडजूड पुस्तक लिहायचं आणि त्यात सरळ सांगून टाकायचं. तसे ते हट्टीच होते म्हणा, प्रत्येक पेशंटचं ऑपरेशननंतर पुढे काय झालं याची नोंद ठेवून ती जाहीर करा म्हणून त्यांनी आपल्याच हॉस्पिटलशी भांडण काढलं होतं. ओणवं उभं राहून हात खाली सैल सोडायचा आणि त्याला हलके हलके गोल झोके द्यायचे, हा व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मी रोज सकाळी टेबलाला उजवा हात टेकून तो करते तेव्हा मुलगा बाजूने जाताना विचारतो, "आई, काय हरवलंय खाली?"

पण खरी गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती पण आता वाटते, ती घरात झाली. आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूची उंची माझ्या हाताने ठरवलेली होती हे मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. नवरा माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच, पण वस्तू ठेवणारी मी, त्यामुळे रोजचं ते छातीच्या उंचीला, आठवड्याचं डोळ्यांच्या वर, आणि वर्षातून एकदा लागणारं टाचा उंचावून हात ताणला की बोटाला लागेल अशा बेताने. कपडे वाळत घालायची दोरी माझ्या मापाने बांधलेली. जास्तीच्या चादरी, बल्ब, इस्त्रीचा टेबलक्लॉथ, सगळं माझ्या हाताच्या टोकाशी. आणि तो हात एकदम अर्धा झाला. उजवा होता ना, असं सगळे म्हणतात. होता की, पण वरून जड डबा काढायला दोन हात लागतात हे एक हात गेल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि केस बांधायलाही लागतात.

औषधांचा डबा सगळ्यात वरच्या कप्प्यात होता. मुलगा लहान असताना त्याचा हात पोचू नये म्हणून तिथे गेला आणि तो मोठा झाला तरी तिथेच राहिला, वस्तूंचं असंच असतं, कारण संपलं तरी त्या हलत नाहीत. आता माझी गोळी मला त्याच्याकडे मागावी लागायची आणि तो मोबाईलमधून डोळे न काढता नुसता हात वर करून डबा खाली घ्यायचा. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच. एक दिवस त्याला काय वाटलं कोण जाणे, मी ऑफिसमध्ये असताना त्याने वरचे दोन कप्पे रिकामे करून सगळं खाली आणलं आणि खालचं, म्हणजे त्याच्या मते कोणाला न लागणारं, वर चढवलं. त्या न लागणाऱ्यात माझी लोकर होती.

तर लोकर. हे सगळं होऊनही विणकाम एक दिवसही थांबलं नाही, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. हात दुखतो म्हणते आणि विणत बसलीये, असं नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी कितीदा वाचलंय. पण विणताना कोपरं बरगडीला चिकटलेली असतात, काम सगळं मनगटाचं आणि बोटांचं, खांद्याला कोणी विचारत नाही. फक्त लांब सरळ सुया सोडल्या, कारण वीण वाढत जाते तसं सगळं वजन सुईच्या टोकाला येतं आणि ते हातावर लोंबतं, त्याऐवजी मधे तार असलेल्या सुया घेतल्या की वजन मांडीवर राहतं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, या कुशीवर झोपलं तर वरचा हात पुढे घसरून ओढ बसते, मग उशीला मिठी मारून पडायचं, आणि तेही जमलं नाही तर उठून दोन ओळी सुलट दोन ओळी उलट. घरात त्या वेळी मी, फ्रीजचा आवाज आणि सासूबाईंच्या खोलीतला दिवा, कारण त्याही जाग्याच असायच्या. एकच धोका, गुंडा मांडीवरून घरंगळला की आपण नकळत झेप घेतो. ती कळ ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको आणि ज्यांना माहिती नाही त्यांना सांगून उपयोग नाही. डोळ्यासमोर अंधार येतो, मिनिटभर बोलता येत नाही आणि मग गेली की गेली, जसं काही झालंच नव्हतं.

अशाच एका रात्री सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मलाही झालं होतं बरं का हे. तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधीच." मी म्हटलं मग काय केलंत? तर म्हणे काय करायचं, हात भरून आलाय म्हणायचो, एका हाताने अंबाडा घालायला शिकले, गेला आपोआप कधीतरी. किती दिवस होतं, तर वर्ष-सव्वा वर्ष असेल. नवऱ्याला सकाळी विचारलं तर त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं, आणि तेव्हा तो चांगला कॉलेजात जाणारा मुलगा होता, म्हणजे आत्ता आमचा आहे तेवढा. त्याने जाऊन आईला विचारलंही, सांगितलं का नाहीस म्हणून, त्या म्हणाल्या तू विचारलंस का. मग दोघं थोडा वेळ एकमेकांवर रुसले आणि विषय संपला.

ऑफिसमध्ये निराळीच तऱ्हा. तिथे सल्ले मिळतात. लोंबकळ, अजिबात लोंबकळू नकोस, शेक दे, बर्फ लाव, आमच्या काकूंना तसं झालं होतं आणि त्यांचं ते अगदी वेगळंच काहीतरी असतं. मला त्रास व्हायचा तो पाठीवर थाप मारणाऱ्यांचा आणि मिटिंगमध्ये "हात वर करा" म्हणणाऱ्यांचा. पण ज्यांना हे होऊन गेलंय ती माणसं लगेच ओळखतात. अकाउंट्समधले एक गृहस्थ, वर्षानुवर्षं फक्त गुड मॉर्निंगपुरती ओळख, मी जॅकेट घालत होते ते बघून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "डावा का? आधी दुखरा हात घालताय." खरंच, घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, हे शिकवावं लागत नाही, दोन वेळा ओरडलं की शरीरच शिकतं. त्यांचा उजवा होता आणि तो सुटल्यावर पुढे डावाही झाला, हे त्यांनी मला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

फिजिओने आरशात बघायला लावलं ते लक्षात राहिलंय. हात पूर्ण वर नेतो त्याचे अंश १८०, त्यातले साधारण १२० त्या गोळ्याच्या सांध्याचे आणि उरलेले ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकून देतं. सांधा अडला की बिचारं फऱ्याचं हाडच सगळं काम ओढायला बघतं, म्हणून हात वर करताना माझा खांदा कानाला जाऊन भिडायचा आणि मी कायम "मला काय माहीत" म्हणत असल्यासारखी दिसायचे. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करायची, असा व्यायाम. नवऱ्याचा जीव रंगात. पुसता येईल ना, असं तो दर वेळी विचारायचा. पहिले कितीतरी आठवडे खुणा एकावर एक पडल्या, म्हणजे मी एकच जाड रेघ काढत होते म्हणा ना, आणि मग कधीतरी त्यांच्यात बोटभर अंतर पडायला लागलं. शिकवल्यापासून सारखंच करत होते मी सगळं, वेगळं काहीच केलं नाही, पण सुटायला लागला. खरं श्रेय व्यायामाचं का दिवसांचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, फिजिओचं मत अर्थातच पक्कं आहे.

आता हात वर जातो, दोरीवर कपडे घालता येतात, फक्त पाठीमागे अजून पुरता जात नाही, ती हालचाल शेवटी येते म्हणे. कप्पे मात्र मुलाने लावले तसेच आहेत. नवरा म्हणतो आता बरी झालीस तर पूर्वीसारखं लाव, मला काही सापडत नाही. त्याला पूर्वीही सापडत नव्हतं. लोकर तेवढी मी खाली आणली.

आणि अकाउंट्सवाल्या गृहस्थांनी डोक्यात किडा सोडलाय त्यामुळे मी रोज उजवा हात पाठीमागे नेऊन कुठवर जातो ते बघते. हा खेळ घरात सगळ्यांना लागलाय. एक हात वरून, एक खालून, पाठीवर बोटं भेटतात का. मुलाची सहज भेटतात, दोन्ही बाजूंनी. सासूबाई या वयात निम्म्यापर्यंत आरामात जातात. नवऱ्याची कुठल्याच बाजूने भेटत नाहीत आणि त्याचं म्हणणं आहे की त्याची लहानपणापासून कधी भेटलीच नाहीत. सासूबाई म्हणतात, भेटायची.