बारक्याचे तोंड

मुंबईच्या महालक्ष्मी परिसरात घोडेस्वारी शिकवायला लागून मला १४ वर्षे झाली. घोडा आवरत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक मालकांनी मला एकच उपाय सुचवला आहे : याला जरा कडक लगाम घाला. मी दर वेळी त्यांना समजावून परत पाठवते. गेल्या जानेवारीतल्या एका सकाळी मात्र तोच उपाय माझ्याही मनात आला, आणि तो अमलात आणायला मी निघालेही होते.

बारक्या हा शर्यतींतून निवृत्त झालेला आख्ता, म्हणजे खच्ची केलेला घोडा. घोड्याची उंची ज्या हाताने मोजतात तो ४ इंचांचा असतो. त्या मापाने बारक्या १६ हातांच्या वर भरतो आणि त्याचे वजन ५०० किलोच्या घरात आहे, तेव्हा घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार मामांनी हे नाव काय विचाराने ठेवले ते वेगळे सांगायला नको. शर्यतीच्या घोड्याला सरावात एक सवय लागते, ती इथे सांगितली पाहिजे. स्वार दोन्ही लगामी एकत्र धरून मानेवर टेकवतो, घोडा त्या आधारावर रेलतो आणि रेलूनच वेग घेतो. त्यामुळे आपल्या दृष्टीने लगाम ओढणे म्हणजे थांब, आणि त्याच्या दृष्टीने चल. हा गैरसमज दूर व्हायला काही महिने लागतात, आणि बारक्याचेही तेच चालले आहे अशी माझी समजूत होती.

त्या सकाळी हाजीअलीकडून गार वारा येत होता. माझी एक कॉलेजात जाणारी विद्यार्थिनी रिंगणात त्याला दुडकीवरून हलक्या दौडीवर घेत असताना त्याने अचानक मान वर फेकली, तोंड उघडले आणि तो रिंगणाच्या फाटकातून तबेल्याकडे सुसाट सुटला. तिने लगाम जितका खेचला तितका तो अधिक पळाला. सुदैवाने तबेल्याच्या दारात तो आपणहून उभा राहिला आणि मुलगी थरथरत, पण धडपणे उतरली. "मॅडम, माझे हात गेले," एवढेच ती म्हणाली. मी सामानाच्या खोलीत जाऊन पेलहॅम काढला. हा तरफेच्या तत्त्वावर चालणारा, वर-खाली दोन लगामी लावायचा बिट. खालची लगाम ओढली की हनुवटीखालची साखळी आवळते आणि डोक्यामागे वरून दाब येतो. (बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामी जोडलेली दांडी. तिला मराठीत 'कडियाळे' असा नेमका शब्द आहे, पण आमच्या तबेल्यात तो कोणाच्या तोंडी नाही.)

मामांनी तो माझ्या हातात पाहिला आणि खरारा बाजूला ठेवला. "ताई, ह्यो पळत न्हाई, पळून जातोय. चार दिवस झालं, गवत चावून गोळं खाली टाकतोय."

अर्धवट चावलेल्या गवताचे ते ओले गोळे गव्हाणीखाली खरोखरच पडलेले होते, आणि ते मला दिसले नव्हते याची लाज मला आजही वाटते. पेलहॅम खुंटीवर गेला आणि दुपारी पशुवैद्य आले. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड नीट झिजत नाही. तिला धार येते. तबेल्यात दाणा जास्त आणि चरणे कमी असले की हे अधिक घडते. बारक्याच्या गालांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे जखमा होत्या. तोंड उघडू नये म्हणून मीच नाकपट्टा घट्ट बांधायला सांगितले होते, म्हणजे गाल त्या धारेवर दाबून धरण्याची व्यवस्था माझीच होती. लगाम ओढला की बिटची कडी गाल आणखी आत ढकलणार, आणि ते दुखणे चुकवायला घोडा पुढेच पळणार.

दात कानशीने घासून झाले. गालांच्या जखमा भरेपर्यंत आम्ही त्याला दहा दिवस फक्त गळपट्ट्यावर फिरवले.

बिटचा प्रश्न त्यानंतरच नीट सुटला, आणि तिथे माझी दुसरी समजूत मोडली. मी त्याला रबराचा जाड बिट घातला होता, कारण जाड बिट दाब पसरवतो, म्हणून तो मवाळ, असे आम्ही सगळेच शिकलो आहोत. पण पशुवैद्यांनी मला पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून, जिथे बिट बसतो तिथून, दोन बोटे आत घालायला लावली, आणि ती जीभ व टाळू यांच्यात चिमटली गेली. जीभ मांसल, टाळू सखल. अशा तोंडात जाड दांडी म्हणजे सतत कोंबून ठेवलेला बोळा. शिवाय तो बिट साडेपाच इंचांचा होता. दोरीने मोजल्यावर बारक्याचे माप जेमतेम ५ इंच निघाले, म्हणजे बिट दोन्ही बाजूंना सरकतही होता.

अकराव्या दिवशी आम्ही गोणपाटावर चार बिट मांडले. एका सांध्याचा साधा स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेला बिट, त्याने लगेच नाकारला. दोन्ही लगामी ओढल्या की त्याचा सांधा टोकदार होऊन टाळूकडे जातो, आणि सखल टाळूच्या घोड्याला ते सोसत नाही. सरळ दांडीवर तो पुन्हा रेलू लागला. दोन सांध्यांचा, मध्ये चपटा मणी असलेला, १४ मिलिमीटर जाडीचा आणि कड्या जागच्या जागी राहणारा बिट घातल्यावर मात्र त्याने थोडा वेळ जीभ हलवून पाहिली आणि तोंड मिटले. नाकपट्ट्याखाली दोन बोटे सहज जातील इतका तो सैल ठेवला. मी स्वतः बसले. ओढून धरण्याऐवजी बैठक खोल करून लगाम क्षणभर आवळायचा आणि लगेच सोडायचा, असे तीन वेळा केल्यावर तो दौडीवरून दुडकीवर आला. त्याला रेलायला आधारच उरला नव्हता.

तबेल्याकडच्या वळणावर तो अजूनही ओढतो. मोकळ्या मैदानावर, इतर घोडे सोबत धावत असतील, तर मी त्याला पेलहॅमच घालते, पण दोन लगामींसह आणि खालची बहुतेक वेळ सैल ठेवून. तसल्या गर्दीत विद्यार्थ्यांना मी त्याच्यावर बसवत नाही. रबराचा बिट आता मामांच्या चाव्यांना लटकन म्हणून आहे. दाण्याच्या फळ्यावर त्यांनी खडूने जुलैची तारीख आणि 'बारक्या, दात' एवढेच लिहून ठेवले आहे, आणि ते कोणी पुसू नये म्हणून भोवती चौकट आखली आहे.