'काइंड ऑफ ब्लू'ची दोन प्रेसिंग्ज: आधी गती, मग पातळी, मग मत

या खेपेला अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमच्या दोन रेकॉर्ड आलटून पालटून लावतो आहे. एक कोलंबिया कंपनीचं जुनं प्रेसिंग, म्हणजे साच्यातून छापलेली आवृत्ती; दुसरा गती दुरुस्त केलेला 180 ग्रॅमचा रिइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेली आवृत्ती. पहिली बाजू लावली की जुन्याचा ट्रम्पेट जास्त झळाळतो, लयही अंमळ चपळ वाटते. कुणीही पटकन म्हणेल, जुनं ते सोनं.

पण या झळाळीचं सगळं श्रेय मास्टरिंगला, म्हणजे रेकॉर्ड कोरण्याआधी आवाजावर होणाऱ्या शेवटच्या संस्काराला, देता येत नाही. 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचनांचं मुद्रण झालं, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या गतीनं वाजवली की स्वर चढतो. त्यामुळे ही बाजू कित्येक वर्षं चढ्या स्वरातच विकली गेली. 22 एप्रिलला मुद्रित झालेली दुसरी बाजू मात्र ठीक आहे. शेजारी चालू असलेल्या राखीव मशीनची टेप बरोबर गतीची होती, आणि तिच्या आधारे 1992 साली दुरुस्ती झाली. तेव्हा या दोन प्रेसिंग्जची तुलना दुसऱ्या बाजूवरच करायची, हे मी पक्कं केलं आहे. पहिल्या बाजूवर आपण दोन मास्टरिंग नव्हे, सुरांच्या दोन पट्ट्या ऐकत असतो.

आपल्या टर्नटेबलची गतीही तपासलेली हवी. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या स्ट्रोब तबकडीवर (गती बरोबर असली की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात) 180 रेघा लागतात. अमेरिकेतल्या 60 हर्ट्झसाठी छापलेल्या रेघा इथे उपयोगाच्या नाहीत.

त्यानंतर पातळी. थोडा मोठा आवाज कानाला 'जास्त खुला' वाटतो, हे आपल्या छंदातलं सगळ्यात फसवं प्रकरण आहे. म्हणून दोन्ही रेकॉर्डचा तोच तुकडा संगणकावर भरून घेतो, सरासरी पातळी जुळवतो आणि मगच ऐकतो. जुळवणी केल्यावर रिइश्यूचा 'भरदार खर्ज' बराच आटोक्यात आला. पॉल चेंबर्सच्या बासमध्ये तारेवरच्या बोटाचा स्पर्श मात्र अजूनही रिइश्यूतच स्पष्ट आहे. हा फरक मी खरा मानतो.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी 'फ्लेमेन्को स्केचेस' आहे, आणि प्रेसिंगची खरी परीक्षा तिथे होते. 33⅓ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते. अगदी आतल्या टोकाला जेमतेम 21. तेवढ्याशा जागेत तेच तार स्वर कोरायचे असल्यानं आतल्या भागात आवाज खरखरीत होण्याची भीती असते. बिल इव्हान्सचा पियानो इथे काचेसारखा तडकला, तर आधी सुईचं संरेखन (ती खाचेत सरळ बसते का) तपासावं, मग प्रेसिंगला दोष द्यावा. माझ्याकडे संरेखन नीट केल्यावर दोन्ही रेकॉर्ड शेवटपर्यंत स्वच्छ वाजल्या.

लांबलेल्या पियानोच्या स्वरांत रिइश्यू थोडा डुलतो. रेकॉर्डचं मधलं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलं, तरी 10 सेंटिमीटर त्रिज्येवर गती अर्धा टक्का वर-खाली होते, तीही प्रत्येक फेरीला. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे सहन होणं कठीण. कितीही जाड रेकॉर्ड असो, मध्य चुकलेला असेल तर मी ती उत्तम म्हणणार नाही. वजनाला तर मी गुणच देत नाही.

'पूर्ण ॲनलॉग' (कुठेही डिजिटल टप्पा नाही) या शिक्क्यालाही नाही. 2022 मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या अनेक रिइश्यूंमध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं. तोवर त्यांतल्या कित्येक रेकॉर्डना ॲनलॉगचे कट्टर चाहते अस्सल ॲनलॉगचा नमुना म्हणून डोक्यावर घेत होते. ग्राहकाला खरी माहिती मिळायलाच हवी, यात वाद नाही. पण त्या रेकॉर्ड आदल्या दिवशी चांगल्या वाजत होत्या, तर दुसऱ्या दिवशीही तशाच वाजत होत्या.

सध्याचा कौल: दुसऱ्या बाजूवर खर्ज आणि शांत पार्श्वभूमी रिइश्यूकडे, ड्रमवादक जिमी कॉबच्या झांजेचा मावळता नाद जुन्याकडे. पुढच्या खेपेला 45 च्या गतीचं प्रेसिंग लावणार आहे. त्यात आतल्या टोकालाही खाच सेकंदाला 28 सेंटिमीटरच्या आसपास सरकते, तेव्हा झांजेबद्दलचं मत तिथे नव्यानं तपासता येईल.