फेरेटच्या आजारात 'उद्या बघू' नको

मे, रविवार रात्र

कुत्रा एक वेळ जेवला नाही तर आपण उद्यापर्यंत थांबतो. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लहान, लांबट पाळीव प्राणी; त्याच्या पोटातलं अन्न तीन-चार तासांतच बाहेर पडतं. सकाळपासून काही न खाल्लेलं फेरेट संध्याकाळी दवाखान्यात पोहोचलं, तर त्याच्या दृष्टीने तो फार लांबलेला उपास असतो. मुंबईतले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. त्यामुळे रक्त तपासण्याआधी रात्रभर उपाशी ठेवा, असं सवयीने सांगितलं गेलं तर तिथेच विचारायला हवं. फेरेटला तीन-चार तास पुरतात, आणि रक्तातली साखर उतरत असल्याचा संशय असेल तर तेवढेही डोळ्यांसमोर काढावेत.

साखर उतरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इन्सुलिनोमा. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये तो खूप आढळतो. स्वादुपिंडातल्या बारीक गाठी गरज नसताना इन्सुलिन सोडत राहतात. मग मागचे पाय लटपटतात, नजर एका जागी खिळते, लाळ गळते, पुढच्या पंजांनी ते तोंड खरवडतं. 'वय झालंय, झोपतं जास्त' म्हणत महिनोन्महिने याकडे दुर्लक्ष होतं, याचं फार वाईट वाटतं. उपाशीपोटी साखर साधारण ९० ते १२० असते. लक्षणं दिसताहेत आणि आकडा ६०च्या खाली आहे, तर इन्सुलिनोमा जवळजवळ गृहीत धरतात. मात्र माणसांच्या ग्लुकोमीटरवर फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दिसते, म्हणून लॅबचा आकडा हवाच.

झटका आला तर कापसाच्या काडीने हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी चोळावं. बोट घालू नये, जबडा घट्ट मिटतो. तोंडात ओतू तर अजिबात नये, ते फुप्फुसात जातं. पूर्ण शुद्धीवर आलं की शिजवलेल्या चिकनचं पातळ वाटण द्यावं, मीठ-मसाल्याशिवाय. नुसतं गोड देत राहिलं की गाठी आणखी इन्सुलिन सोडतात आणि थोड्या वेळाने साखर पुन्हा कोसळते. सावरल्यासारखं दिसलं तरी दवाखाना टाळायचा नाही.

पण पाय लटपटले म्हणजे दर वेळी इन्सुलिनोमाच असं नाही. वर्ष-दीड वर्षाचं फेरेट अचानक खाणं सोडतं, दात कराकरा वाजवतं, शी बारीक होते किंवा थांबते, तेव्हा आधी घरातल्या चपला, खोडरबर, इअरफोनची रबरी टोपी तपासावी. रबर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, सोनोग्राफी मागावी. नर शू करायला कुंथतोय आणि थेंबच येतोय, तर अॅड्रिनल ग्रंथीच्या (मूत्रपिंडाजवळच्या संप्रेरक ग्रंथीच्या) आजारात प्रोस्टेट सुजून मूत्रमार्ग दाबला गेलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट बघता येत नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी कधीच देऊ नये.

निघण्याआधी फोन करावा. फेरेट बघता का, आयसोफ्लुरेनची (हुंगवून द्यायची) भूल आहे का, ऑक्सिजन आहे का, रात्री कुणी थांबतं का, एवढं विचारलं तरी अंदाज येतो. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६पासूनचं, पण तिथे जायचं तरी फेरेट बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात हे आधी विचारूनच.

आणि या दिवसांत प्रवास हाच अर्धा धोका. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही, तिशीच्या आसपासचं दमट हवामानही त्याला बाधतं. उपनगरातून रिक्षाने निघालं तर माहीम-सायनला वाहन बदलावं लागतं, त्यापेक्षा घरातूनच एसी कॅब करावी. गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे थंडी वाजली तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. दवाखान्यात बॅग जमिनीवर ठेवू नये. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य विषाणूजन्य आजार फेरेटला झाला तर ते जवळजवळ कधीच वाचत नाही. आपला नंबर येईपर्यंत बाहेर थांबलेलं बरं.

सोबत ताजी शी डबीत, झटक्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि ग्रॅममधल्या वजनाची नोंद न्यावी. दवाखान्यात पोहोचल्यावर फेरेट बहुधा बऱ्यापैकी चालतं, त्यामुळे व्हिडिओ फार कामाला येतो. भूल देऊन रक्त काढलं असेल तर रिपोर्टवर तसं लिहून घ्यावं, कारण आयसोफ्लुरेनखाली रक्तपेशींचे आकडे खाली येतात आणि नसलेला अॅनिमिया दिसतो.

इन्सुलिनोमावर देतात त्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने साखर वर राहते, पण गाठी वाढायच्या थांबत नाहीत. ऑपरेशनने बराच काळ आराम पडू शकतो, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी मागे राहतात आणि आजार परत येतो. वय झालेल्या, हृदय कमकुवत असलेल्या फेरेटसाठी नुसती औषधं निवडली तर माझ्या मते त्यात काही कमी पडत नाही. प्रेडनिसोलोन मात्र एकदम बंद करायचं नाही, आणि रात्रीही दर चार तासांनी खाणं समोर हवं. झोपेतून उठवून भरवावं लागलं तरी.