आण्णांची स्प्लेंडर, पुढचे शॉकअप आणि सातारा–कास–बामणोली रस्ता

आमच्याकडं २००२ ची स्प्लेंडर आहे, आण्णांनी घेतलेली, अजून रोज चालते. बामणोलीला आत्या असते म्हणून महिन्यातनं एकदा आण्णा याच गाडीवर यवतेश्वर घाट चढून कासवरनं खाली उतरतात. दिवाळीनंतर एकदा परत आले ते मनगटं चोळतच, रात्री हाताला मुंग्या, आणि आईनं सांगून टाकलं की इथून पुढं एसटीनं जायचं. आण्णा काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पुसली सुद्धा नाही, तेव्हा मला कळलं की लागलंय मनाला. मग पुढचे शॉकअप नीट करायचेच असं ठरवलं. त्यात एक चूक झाली, ती तुम्ही करू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

चूक अशी, की गाडी एका मिस्त्रींकडं टाकली, ते म्हणाले ऑइल जाड भरू, शॉकअप एकदम कडक होतील. सील बदलले, जाड ऑइल भरलं, स्टँडवरनं काढून हँडल दाबून बघितलं तर खरंच कडक लागलं आणि मी खूश होऊन रविवारी पहाटे निघालो.

समर्थ मंदिरापासनं यवतेश्वरच्या चढाला लागेपर्यंत बरं वाटलं. पण वर पोचल्यावर जिथं रस्ता खरवडलाय आणि लहान लहान धारदार खड्डे आहेत तिथं ४०-४५ च्या स्पीडला प्रत्येक दणका थेट खांद्यापर्यंत यायला लागला, आधीपेक्षा जास्त! गतिरोधकाच्या जाड पट्ट्या एकामागून एक आल्या की पहिल्या दोन ठीक, पुढच्यांना शॉकअप जणू आहेतच कुठं. आणि कास तलावाच्या पुढं बामणोलीकडं उतरताना लांब ब्रेक धरला की पुढचा भाग हळूहळू खाली जायचा तो जायचाच. बामणोलीत आत्याकडं चहा घेताना माझेच हात थरथरत होते.

घरी येऊन वाचत बसलो, ओळखीच्या एका टर्नरला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. या जुन्या गाड्यांच्या शॉकअपमध्ये आत एक दांडी असते, तिला बारीक भोकं, आणि ऑइल त्या भोकांतनं ये-जा करतं, बास, एवढंच डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपची हालचाल आवरणं. हळू हालचाल झाली की ऑइल आरामात जातं. पण धारदार खड्डा जोरात बसला की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट, आणि शॉकअप जाम झाल्यासारखा वागतो. ऑइल जाड केलं की हेच आणखी वाढतं. शिवाय दबलेला शॉकअप परत वर यायला वेळ लावतो, तो वर यायच्या आत पुढची पट्टी येते आणि दाबायला जागाच उरत नाही. ब्रेक धरल्यावर गाडी किती खाली बसणार ते शेवटी स्प्रिंग ठरवते, जाड ऑइल फक्त बसायला उशीर लावतं, आणि घाटात ब्रेक लांब धरलेला असतो त्यामुळं तिथं त्याचा काही उपयोग नाही. माझा रोग स्प्रिंगचा होता आणि औषध दिलं ऑइलचं.

हे ओळखायला सॅग, म्हणजे आपण बसल्यावर शॉकअप किती दबतो ते मोजा, पैसे लागत नाहीत. मेन स्टँडवर लावून मागच्या सीटवर कुणाला तरी वजन द्यायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जातं, शॉकअप पूर्ण उघडला की डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या रबरी कडीच्या) वर शॉकअपचा चकचकीत पाईप किती दिसतो ते मोजा. मग गाडी खाली घेऊन दोन्ही पाय वर घेऊन बसा, कुणीतरी मागनं सरळ धरेल, परत मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. रस्त्याच्या गाडीला पूर्ण ट्रॅव्हलच्या (शॉकअप एकूण जितका दबू शकतो त्याच्या) पाव ते एक तृतीयांश सॅग ठीक. माझ्या ७२ किलोला तो ४७ मिमी आला, म्हणजे नुसतं बसल्यावरच निम्मा शॉकअप संपलेला.

जुन्या स्प्रिंगा दुकानात नव्याशेजारी उभ्या करून बघितल्या तर ८ मिमी आखूड. दोन्ही नव्या घेतल्या, सॅग ३९ वर आला. मग पीव्हीसी पाईपचे १० मिमीचे दोन तुकडे, दोन्ही टोकं सपाट घासून, मध्ये लोखंडी वॉशर देऊन स्प्रिंगवर बसवले, सॅग २९. तुकडा लांब करायचा मोह होतो, पण स्प्रिंगचे वेढे एकमेकाला टेकायच्या आत शॉकअप पूर्ण दबला पाहिजे, आणि प्रीलोडनं, म्हणजे असा तुकडा घालून स्प्रिंग आधीच दाबून ठेवल्यानं, स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उभी राहते, हे लक्षात ठेवा.

ऑइल मग १०डब्ल्यू (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) भरलं. मापापेक्षा लेव्हल महत्त्वाची: स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण आत दाबलेला, आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून हवा काढायची आणि वरच्या काठापासनं ऑइल किती खाली आहे ते दोन्हीकडं तंतोतंत सारखं करायचं, जास्तीचं सिरिंजला नळी लावून ओढून घ्यायचं. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

स्वतः खोलणार असाल तर खालचा ॲलन बोल्ट आधी ढिला करा, वरची कॅप आणि स्प्रिंग आत असतानाच, नाहीतर आतली दांडी बोल्टबरोबरच फिरत बसते. आणि कॅप काढताना पुढचं चाक उचललेलं आणि इंजिनखाली भक्कम आधार पाहिजेच, शेवटच्या आट्याला कॅप उडते, तोंड वरती नेऊ नका. पाईपवर गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील पण महिन्याभरात गळणार, आणि ते ऑइल ओघळून ब्रेकपर्यंत जातं, त्यामुळं तिथं काटकसर नको. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) पण त्याचवेळी बघा. आमच्यात हँडल मधोमध अडकत होतं, म्हणजे खाचा पडलेल्या, तो बदलला. चाक बसवताना एक्सलचा नट घट्ट करायच्या आधी पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबा, शॉकअपचे दोन्ही पाय आपोआप सरळ रेषेत येतात, हे केलं नाही तर चांगला शॉकअप पण अडकत चालतो.

दुसऱ्या रविवारी परत तोच रस्ता, तीच वेळ, यावेळी आण्णा पुढं आणि मी मागं. पाईपला केबल टाय बांधला होता, सगळ्यात जास्त कुठवर दबला ते कळायला. पट्ट्यांवर आण्णांनी मुद्दाम स्पीड कमी केला नाही. पठारावर थंडी होती, थंडीत ऑइल घट्ट होतं त्यामुळं पहिले चार-पाच किलोमीटर जरा कडक लागतं, त्यावरनं मत बनवू नका. बामणोलीत उतरून टाय बघितला तर तळाच्या वर बोटभर जागा शिल्लक. आण्णांनी हात उघडझाप करून बघितले आणि म्हणाले, जेवायला बसूया, परत पण मीच चालवतो.

तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल साताऱ्यातच टाका, पुढच्या टायरला हवा २५ पीएसआय (जास्त हवा असली की सगळी मेहनत वाया), पहाटे निघा, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरवातीपर्यंत फुलांच्या दिवसात शनिवार-रविवारी टेस्टिंगला जाऊ नका, पठारावर गर्दीत काहीच कळणार नाही. अंधारात गवे रस्त्यावर येतात, म्हणून दिवस मावळायच्या आत यवतेश्वर उतरा. घरी आल्यावर शे-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा आणि पाईप पांढऱ्या कापडानं पुसून बघा, तेलकट डाग आला तर सील बघावं लागेल.

या महिन्यात आण्णा एकटेच जाऊन आले. आता म्हणतात मागचं टोक उडतंय, पुढचं सुधारल्यावर मागचं किती गेलंय ते जाणवायला लागलं, म्हणून मागचे दोन्ही शॉकअप कालच काढून ठेवलेत.