मुलं विचार कसा करतात: घरगुती प्रयोगसंच, नाशिक. नळ्यांची चौकट तयार, वाजणारी पेटी बदलली

संचाची आजची स्थिती आधी. नळ्यांची चौकट पूर्ण झाली. वाजणारी पेटी चुंबकावरून चोरबटणावर आणली. ओतण्याच्या संचातलं पाणी जाऊन मूग आले. चिवड्याचा डबा किरकोळ दुरुस्तीनंतर वापरात आहे. या सगळ्या बदलांमागे कारण एकच: मुलाचं उत्तर चुकलं, तर ते त्याच्या समजुतीमुळे चुकलं की आपल्या सामानामुळे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर ती नुसती करमणूक. करमणूकही वाईट नाही म्हणा, पण मग वही भरायची गरज नाही.

नळ्यांची चौकट

मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड यांचा, १९९५ सालचा. वर तीन भोकं, खाली तीन डबे आणि मध्ये एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या नळ्या, ज्यांच्या आतलं दिसत नाही. वरून चेंडू सोडायचा आणि विचारायचं, 'चेंडू कुठंय?' दोन-अडीच वर्षांची मुलं भोकाच्या बरोबर खालच्या डब्यात हात घालतात. नळी दुसरीकडे गेलेली समोर दिसत असते, काही मुलं तर तिच्यावरून बोटही फिरवतात, आणि तरी हात सरळ खाली जातो. सुटलेली वस्तू सरळ खाली पडते हा अनुभव तोवर फार पक्का झालेला असतो. हूड यांनीच १९९८ मध्ये चेंडू खालून वर जाताना दाखवून पाहिला, तेव्हा ही खोड दिसली नाही. म्हणजे गडबड नळ्यांच्या गुंत्यापेक्षा पडण्याशी जास्त जोडलेली आहे.

नळीसाठी शेतीच्या पंपाला लावतात तो दोन इंची हिरवा सक्शन पाइप घ्या. द्राक्षबागांमुळे नाशकात तो मीटरवर सहज मिळतो. आतून गुळगुळीत असल्यानं ४० मिलिमीटरचा टेबल टेनिसचा चेंडू त्यातून सुळकन जातो. बेसिनखालचा वळ्यावळ्यांचा वेस्ट पाइप स्वस्त आहे आणि हवा तसा वाकतो, पण त्याच्या वळ्यांवर हलका चेंडू थांबतो. शिवाय त्यात बसेल असा चेंडू घशात अडकण्याइतका लहान होतो. लहान मुलांची खेळणी तपासायचं नळकांडं सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. या संचापुरता हा नियम कुठेही वाकवू नका.

हिरव्या पाइपची अडचण अशी की तो अर्धवट आरपार आहे. खिडकीसमोर चौकट ठेवली की चेंडूची सावली सरकताना दिसते आणि मूल नळीचा विचार न करता सावलीमागे जातं. काळ्या कापडाची तीन बोटं रुंद पट्टी तिरकी गुंडाळत न्या, टोकांना टेप लावा. एक पाइप मात्र उघडा राखून ठेवा. हूड यांच्या प्रयोगात आतलं दिसणाऱ्या नळीवर मुलं बरोबर शोधत होती, पण ती झाकली की पुन्हा चुकत होती. ही तुलना करायला उघडा पाइप लागतो.

आता मापं. चौकट १२ मिलिमीटर प्लायची, एकूण उंची ७५ सेंटिमीटर. यापेक्षा उंच केली तर दोन वर्षांच्या मुलाला वरची भोकं दिसत नाहीत. खाली डब्यांसाठी १५ आणि वरच्या फळीसाठी ५ सोडले की नळीला ५५ सेंटिमीटर उतार मिळतो. भोकांमधलं अंतर २५ सेंटिमीटर ठेवण्याचा मोह होतो, कारण डबे ऐसपैस बसतात. ते करू नका. मग पहिल्या भोकातून तिसऱ्या डब्याकडे जाणाऱ्या नळीला ५० सेंटिमीटर आडवं सरकावं लागतं आणि दोन गोल वळणं घेताना ती मधोमध जवळजवळ सपाट होते. टेबल टेनिसचा चेंडू तिथेच बसून राहतो. अंतर १५ ठेवलं की मधला उतार तीस अंशांच्या वर राहतो. या मापात लांब नळी ६५ आणि आखूड दोन ५८-५८ सेंटिमीटर लागतात, म्हणजे दोन मीटर पाइप पुरतो. पाइप ताठ वाटला तर पाच मिनिटं कडकडीत पाण्यात बुडवा आणि चौकटीवर क्लिप लावून वाकलेल्या अवस्थेतच थंड होऊ द्या. पावसाळ्यात उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही.

डबे १२ सेंटिमीटर रुंद, समोर कापडी पडदा, तळाला पिवळं डस्टर दुहेरी घडी करून. डस्टर नसेल तर प्लास्टिकच्या डब्यात चेंडू टकटक उड्या मारतो आणि मूल आवाजावरून डबा ओळखतं. मग निकाल फार सुंदर येतात आणि काहीच सांगत नाहीत.

जोडणी पहिल्यातून तिसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात. यात कुठलीच नळी सरळ खाली येत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी एक डबा बरोबर, एक सरळ खालचा आणि एक उरलेला असे तीन पर्याय राहतात. वहीतही तीनच रकाने करा. मूल नुसता अंदाज मारत असेल तर चुका दोन डब्यांत विखुरतात. 'सरळ खाली' ही समजूत काम करत असेल तर त्या एकाच रकान्यात साचतात. नुसतं चूक-बरोबर लिहिलेल्या वहीतून हे कधीच कळणार नाही.

सुरुवात एका नळीनं करा, मग दोन, मग तीन. एकदम तीन लावल्या की मूल गोंधळतं. चुकल्यावर मुलाला शोधू द्या, पण नोंद पहिल्या हाताचीच. सलग दोनदा एकाच भोकातून सोडू नका, नाहीतर मागच्या वेळी जिथं सापडला तिथंच हात जातो आणि आपल्याला वाटतं, शिकलं! आणखी एक पथ्य: सोडण्याआधी काय बोलायचं ते ठरवून कागदावर लिहा. संशोधक जो, जसवाल आणि कीन यांनी २०११ मध्ये दाखवलं की 'चेंडू नळीतून घरंगळत जाताना मनात बघ' एवढं सांगितलं तरी तीन वर्षांची मुलं जास्त वेळा बरोबर शोधतात. मदतीला आलेली मावशी सहज 'नळीकडे बघ हं बाळा' म्हणाली, की त्या फेरीची नोंद बाद.

वाजणारी पेटी

मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक आणि डेव्हिड सोबेल यांची २००० सालची युक्ती. काही ठोकळे पेटीवर ठेवले की पेटी उजळते आणि वाजते, काही ठेवले तर गप्प. कोणता ठोकळा 'वाजवणारा' हे मुलानं शोधायचं. खरी गंमत पुढच्या फेरीत आहे. लाल एकटा ठेवला, वाजली. निळा एकटा ठेवला, गप्प. दोन्ही एकत्र दोनदा ठेवले, दोन्ही वेळा वाजली. म्हणजे निळा तीनपैकी दोनदा वाजणाऱ्या पेटीवर होता. आता 'निळा वाजवणारा आहे का?' या प्रश्नाला तीन-चार वर्षांची बरीच मुलं ठामपणे नाही म्हणतात. किती वेळा वाजली हे मोजण्यापेक्षा लाल तिथं होता की नव्हता, याचा हिशेब ती ठेवतात. जोडीला दुसरी फेरी घ्यायची: लाल तीनदा एकटा, तिन्ही वेळा वाजली, निळा तीनदा एकटा, पहिल्यांदा गप्प आणि पुढे दोनदा वाजली. इथंही निळा तीनपैकी दोनदाच, पण आता मुलं त्याला वाजवणारा मानतात. ही दुसरी फेरी नसेल तर पहिलीला किंमत नाही.

पहिला आराखडा ठोकळ्यात चुंबक आणि पेटीत रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप लागणारा) असा होता. तो मोडीत काढण्याची कारणं तीन. उभ्या धरलेल्या चुंबकाचं टोक रीड स्विचच्या अगदी मध्यावर आलं की स्विच लागत नाही, थोडं बाजूला सरकवलं की लागतो. त्यामुळे 'वाजवणारा' ठोकळा मधूनच गप्प राहतो. दुसरं, चुंबकवाले ठोकळे एकमेकांना चिकटतात, आणि मुलं ते पेटीआधी शोधून काढतात. तिसरं कारण एकटंच पुरेसं आहे: ठोकळ्यातून निसटलेले दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. लहान मुलांच्या संचात सुटे चुंबक नकोतच.

आता नऊ व्होल्टची बॅटरी, तिला समांतर जोडलेले बझर आणि एलईडी (एलईडीच्या मार्गात ४७० ओहमचा रोधक) आणि दीड मीटर वायरवर दाबायचं बटण. बटण टेबलाखाली, डाव्या मांडीजवळ. बझरच्या भोकावर टेपचे दोन थर लावा, नाहीतर आवाजानं दोन वर्षांचं मूल रडतं आणि फेरी तिथंच संपते. बटण दाबण्याची वेळ सांभाळा. ठोकळा टेकताक्षणी पेटी वाजली पाहिजे आणि उचलताक्षणी थांबली पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला की चार वर्षांची मुलं पेटी सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतात. त्यांचं बरोबरच आहे, कारण तिथंच आहे! मुलानं स्वतः ठोकळा ठेवायच्या फेरीत त्याच्या हाताकडे बघत राहा आणि दुसऱ्या हातानं वहीत लिहायला जाऊ नका. नोंदीला दुसरा माणूस हवा.

ठोकळे सुताराकडच्या तुकड्यांतून घेतले तरी चालतात, पण वजन आणि आकार सारखे हवेत. जड ठोकळा वाजवणारा असला की मूल वजनावरून नियम बांधतं, आणि तो नियम चूक आहे असं म्हणायला आपल्याकडे काही नसतं.

ओतण्याचा संच

मानसशास्त्रज्ञ पियाजेंचा हा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे: दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, एकातलं उंच अरुंद पेल्यात ओतायचं, आणि विचारायचं, 'आता कुणाकडे जास्त, की दोघांकडे तेवढंच?' पाच वर्षांचं मूल उंचीकडे बघून 'याच्यात जास्त' म्हणतं. मोठ्यांनी हसायचं कारण नाही. गोदेच्या पुराचं पाणी किती, हे सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरूनच सांगतं. पात्र तेच असेल तर उंचीवरून मोजणं चोख चालतं. मुलाचा घोळ पात्र बदलल्यावर होतो.

पाणी सोडलं त्याचं कारण वेगळं. ओतताना आठ-दहा थेंब जुन्या पेल्याला चिकटून राहतात, आणि एखादं चौकस मूल म्हणतं, 'इकडे कमी झालं, थोडं तिकडंच राहिलं.' उत्तर खरं आहे आणि वहीत चुकीचं म्हणून जातं. साबुदाणा घेतला तर त्याचं पीठ काचेला धरतं. मूग सर्वात बरे, प्रत्येकी १५० ग्रॅम, चाळून घेतलेले. पेले काचेचे हवेत. स्टीलच्या फुलपात्रात पातळी दिसत नाही. भांडी बाजारात सारखे दोन पेले मागताना एकात एक बसवून बघा, काठाची जाडी वेगळी असली की पातळी वेगळी दिसते. सुरुवातीला पातळी सारखी करण्याचं काम मुलालाच द्या. त्यानं स्वतः 'झालं' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. मूग नाका-कानात जातात, म्हणून चार वर्षांखाली हा संच बंद.

प्रश्न एकदाच, ओतल्यानंतर. ओतण्याआधी विचारून, ओतून, पुन्हा तेच विचारलं की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर बाईंना आवडलं नाही. रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये चकत्यांच्या दोन सारख्या रांगांवर (एक पसरवली की मुलं तिच्यात जास्त म्हणतात का) हे तपासलं, आणि एकच प्रश्न विचारल्यावर सहा वर्षांच्या मुलांची उत्तरं सुधारली.

रांगांसाठी चिंचोके: चार आणि चार, समोरासमोर. इथं मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांच्या प्रयोगातलं रांग विस्कटणारं खोडकर खेळण्यातलं अस्वल (हेही १९७४) कापडी माकड होऊन येतं. माणसानं मुद्दाम रांग पसरवली तर चार ते सहा वर्षांची मुलं बहुधा चुकतात. माकडानं येऊन विस्कटली तर बरीच मुलं 'तेवढेच' म्हणतात. एवढ्यावर खूश होऊन थांबू नका. माकडाच्या धांदलीत मुलानं रांगेकडे बघितलंच नाही, असंही असू शकतं. म्हणून एका फेरीत माकडानं खरोखर एक चिंचोका पळवायचा. तेव्हाही 'तेवढेच' म्हणणारं मूल आधीच्या फेरीतही समजून बोललं असं धरता येत नाही.

बाकीचं थोडक्यात

चिवड्याच्या डब्यात खडू. आत काय असेल असं विचारायचं, उघडून दाखवायचं, बंद करायचं. मग 'बाहेर थांबलेल्या दादाला काय वाटेल?' तीन वर्षांची मुलं बहुतेक वेळा 'खडू' म्हणतात, चार-पाचच्या आसपास 'चिवडा' यायला लागतं. दुरुस्ती एवढीच की खडू कापसात गुंडाळले, कारण खुळखुळले की मूल डबा हातात घेताच ओळखतं. उघडण्याआधी 'चिवडा' न म्हणणाऱ्या मुलाची नोंद वेगळी ठेवायची.

पृथ्वीच्या आकाराच्या प्रश्नांचा संच अजून कागदावर आहे. व्होस्नियाडू आणि ब्रूअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मुलांकडून चपटी पृथ्वी, पोकळ गोल पृथ्वी असे प्रकार नोंदवले होते; १९९६ च्या हैदराबादच्या अभ्यासात पाण्यावर तरंगणारी पृथ्वीही आली. अडतंय ते चित्र काढायला सांगावं की शाडूचा गोळा द्यावा यावर. कागद मुळात सपाट, त्यावर काढलेलं वर्तुळ ताटलीचं की चेंडूचं हे ओळखता येत नाही. गोळा दिला तर आपणच अर्धं उत्तर सांगितल्यासारखं होतं. सध्याचा विचार असा: शाडूची चकती, वाटी, गोळा आणि वरून चपटा केलेला गोळा, चारही एकाच वजनाचे, एकाच ताटात ठेवायचे आणि मुलाला निवडू द्यायचं. शाडू वाळताना तडकतो, म्हणून थोडा कापूस मळून सावलीत वाळवायला ठेवला आहे.